काकांची वंशावळ आणि रेघांचा घोळ

आमच्या काकांकडे वंशावळीची एक गुंडाळी आहे. चार ड्रॉइंग पेपर खळीने चिकटवलेले. उलगडली की बैठकीच्या खोलीत सुरू होते आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकते. वर मूळ पुरुष, खाली आम्ही. नावं चौकोनांत आणि चौकोनांमधून रेघा: काही शाईच्या, काही पेन्सिलीच्या, एक-दोन लाल बॉलपेनने ‘दुरुस्त’ केलेल्या. मागच्या दिवाळीत काकांनी ती माझ्यासमोर पसरली. “तू कंप्युटरमधला ना? मग हे एकदा नीट करून दे. आणि हे बघ, नावं मला तोंडपाठ आहेत. घोळ होतो तो रेघांचा.”

काकांची उभी हयात जमिनीची मोजणी करण्यात गेली, त्यामुळे रेघ हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. मला ते बोलणं तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

चित्र काढायच्या साध्या प्रोग्राममध्ये हे काम एका दुपारचं आहे. चौकोन काढा, रेघ ओढा, छापा. पण तिथली रेघ मुकी असते. ती कुठून कुठे जाते हे बघणाऱ्याला दिसतं, प्रोग्रामला कळत नाही. चौकोन सरकवला तर फार तर ती मागोमाग सरकेल. ‘पणजोबांना मुलं किती?’ असं विचारलं तर उत्तर नाही. मला हवी होती ती अशी रेघ, जी पुसली की नातं पुसलं जाईल आणि नातं बदललं की रेघही बदलेल.

अशा रेघा ज्यांत मिळतात त्या साधनांची सॉफ्टवेअरमध्ये एक वेगळी जात आहे. एखाद्या विषयापुरती चित्रभाषा आपणच बनवायची आणि मग त्या भाषेत चित्रं काढायची. अशा भाषेला ‘डोमेन-स्पेसिफिक लँग्वेज’च्या आद्याक्षरांनी डीएसएल म्हणतात. फिनलंडमधल्या युवास्क्युला गावची मेटाकेस ही कंपनी १९९१ पासून या धंद्यात आहे. तिच्या साधनाचं नाव मेटाएडिट प्लस. मायक्रोसॉफ्टने २००५ च्या सुमारास व्हिज्युअल स्टुडिओ या आपल्या प्रोग्रामिंगच्या साधनासाठी डीएसएल टूल्स काढली आणि त्यांच्यावर स्टीव्ह कुक, गॅरेथ जोन्स, स्टुअर्ट केंट व ॲलन कॅमरन विल्स यांचं जाडजूड पुस्तक २००७ मध्ये आलं. एक्लिप्स या तशाच दुसऱ्या साधनाच्या गोतावळ्यात ओबिओ आणि थेलिस या फ्रेंच कंपन्यांनी घडवलेलं सिरियस २०१३ पासून आहे. मी मायक्रोसॉफ्टचं घेतलं. कारण काही थोर नव्हतं, ते माझ्या मशीनवर आधीच होतं.

भाषा घडवायच्या पडद्याचे तिथे दोन भाग असतात. डावीकडे अर्थ: कोणकोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत आणि त्यांच्यात कोणती नाती असू शकतात. उजवीकडे रूप: वस्तू चौकोनी दिसेल की गोल, नात्याची रेघ कशी दिसेल. या रेघेला कनेक्टर म्हणतात. डावीकडचं नातं आणि उजवीकडचा कनेक्टर यांना सांधणारी आणखी एक बारीक रेघ असते, तिचं नाव मॅप. मॅप केला नाही तर नातं मॉडेलमध्ये, म्हणजे साधनाच्या नोंदीत, असतं, पण चित्रात दिसत नाही. म्हणजे आपण रेघ काढतच नाही. आपण नातं जोडतो आणि साधन त्याची रेघ काढून दाखवतं.

हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात नवखा माणूस उजवीकडूनच सुरुवात करतो. मीही केली. नात्यांचा पत्ता नसताना रंग निवडत बसलो. मग जाडी. जाडीच्या खान्यात मी ऐटीत २ लिहिलं. कोड पुन्हा निर्माण केला, बिल्ड केला, व्हिज्युअल स्टुडिओची प्रायोगिक प्रत उघडली (प्रत्येक बारीकशा बदलानंतर हे सगळं करावं लागतं) आणि आजोबा ते वडील अशी रेघ ओढली. पडद्यावर डांबरी रस्ता उमटला. तिथलं माप इंचात असतं. नेहमीची रेघ शतांश इंचाची, ०.०१. माझी दोन इंची.

रस्ता पुसला आणि डावीकडे वळलो.

पहिलं नातं बाप आणि मूल. नात्याला दोन टोकं असतात आणि प्रत्येक टोकाला नाव द्यावं लागतं: इकडून पाहिलं तर ‘अपत्यं’, तिकडून पाहिलं तर ‘पालक’. त्याआधी आणखी एक प्रश्न येतो, हे नातं मालकीचं की नुसत्या ओळखीचं? मालकीच्या नात्यात मालक पुसला की त्याच्या पोटातलं सगळं पुसलं जातं. घराणं म्हणजे बापाच्या पोटात मुलगा, त्याच्या पोटात नातू, असा विचार करून मी मालकी निवडली. खापरपणजोबांचं नाव चुकलं होतं म्हणून त्यांना पुसायला गेलो, तर आजोबा, काका, मी आणि माझी मुलगी असे सगळे एका बटणासरशी नाहीसे झालो. माणसं माणसांच्या मालकीची नसतात. सगळी माणसं वंशावळीच्या मालकीची, आणि आपसांत फक्त ओळखीची नाती. हा धडा मला साधनाने दिला. काका म्हणाले, सातबाऱ्यावरसुद्धा मालकी आणि इतर अधिकार वेगळ्या रकान्यांत असतात.

मग टोकाला किती जण चालतील ते ठरवायचं. पर्याय चारच: शून्य किंवा एक, नेमका एक, शून्य ते कितीही, एक ते कितीही. ‘जास्तीत जास्त दोन’ हा पर्याय यादीत नाही. साऱ्या जगाला आईबाप दोन, आणि साधनाला दोन मोजता येत नाहीत! ते बंधन घालायचं तर हाताने कोड लिहावा लागतो. मी तो लिहिलाही आणि काकांना कौतुकाने दाखवला. ते म्हणाले, “आपल्याकडे तिसऱ्या पिढीत दत्तक आहे, त्याचं काय?”

दत्तक विसरलो होतो, आणि तेही मराठी माणसाने! बडोद्याच्या सयाजीरावांचं उदाहरण घ्या. १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी काशीराव आणि उमाबाईंच्या पोटी जन्मलेले गोपाळराव. १८७५ मध्ये खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं. कोल्हापूरचे शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १८८४ मध्ये ते दत्तक गेले. माझ्या ‘दोनच पालक’ या नियमाने सयाजीराव एक तर बडोद्याचे राहिले नसते किंवा कवळाण्याचे. तेव्हा दत्तक हे वेगळं नातं, त्याला वेगळा कनेक्टर. आणि दत्तकाला साल असतं. तेही लिहिता आलं, कारण या साधनात नात्यालाही माणसासारखेच स्वतःचे गुण देता येतात.

तरीही लग्नाची रेघ बाकी होती आणि खरा घोळ तिथेच होता. गुंडाळीवर नवरा-बायकोंमध्ये आडवी रेघ आहे आणि तिच्या मध्यातून मुलांची रेघ खाली लोंबते. एका रेघेच्या पोटातून दुसरी रेघ! माझा कनेक्टर दोन चौकोनांना जोडणारा. रेघेला रेघ जोडणं त्याला सहजासहजी जमत नाही. मेटाएडिट प्लसमध्ये हे मुळातच वेगळ्या तऱ्हेने सोडवलेलं आहे. तिथे मधे नातं असतं आणि त्यातून फुटणाऱ्या प्रत्येक टोकाला ‘भूमिका’ म्हणून स्वतंत्र दर्जा असतो, स्वतःचं चिन्हही असतं. टोकं दोनच हवीत असं नाही. बाप, आई, चार मुलं, सगळी एकाच नात्याची टोकं होऊ शकतात.

ज्यांना ही सोय नाही ते मधे एक ठिपका ठेवतात. वंशावळींची देवघेव करण्यासाठी मॉर्मन चर्चने १९८४ मध्ये गेडकॉम नावाची फाइल-पद्धत आणली आणि जगभरचे वंशावळीचे प्रोग्राम तीच वापरतात. तिच्यात माणसाची नोंद वेगळी आणि कुटुंबाची वेगळी. नवरा, बायको, मुलं हे एकमेकांना थेट जोडलेले नसतात; सगळे त्या कुटुंबाच्या नोंदीला जोडलेले. मीही ‘कुटुंब’ नावाचा एक बारका गोल केला. नवरा-बायकोच्या रेघा त्या गोलात येतात, मुलांच्या रेघा त्यातून निघतात.

आणि मग एक मजा झाली. मूल जन्माने एकाच कुटुंबातलं: शून्य किंवा एक. तो पर्याय यादीत होताच! दोन पालकांसाठी लिहिलेला सगळा कोड मी फेकून दिला. सयाजीरावांची जन्माची रेघ कवळाण्याच्या गोलापासून आणि दत्तकाची बडोद्याच्या गोलापासून, दोन्ही सुखाने नांदल्या. यादीत ‘दोन’ नाही म्हणून मी साधनाला नावं ठेवत होतो. चुकलेली होती माझी रेघ.

यावरून मी एक कसोटी धरली: या रेघेवर काही लिहायचं आहे का? लग्नाला साल आहे, गाव आहे, कधी दुसरं लग्नही आहे. म्हणजे ती नुसती रेघ नाही. सिरियसमध्ये हा प्रश्न पहिल्याच पायरीला समोर येतो. तिथे रेघेचे दोन वेगळे प्रकार आहेत: एक, नुसता संदर्भ दाखवणारी, दुसरी, मॉडेलमधल्या खऱ्याखुऱ्या वस्तूचं चित्र असलेली. दुसऱ्या प्रकारात त्या वस्तूचा उगम कुठे आणि शेवट कुठे हे शोधायची सूत्रं लिहून द्यायची. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं, कारण माणसाला आधी विचार करावा लागतो, रंग नंतर.

नाती ठरली की कोणाला कोणाशी जोडू द्यायचं हे ठरवायचं. मायक्रोसॉफ्टच्या साधनात या द्वारपालाला कनेक्शन बिल्डर म्हणतात. टूलबॉक्समधून ‘दत्तक’ उचललं आणि माउस एखाद्या चौकोनावर नेला की तो आधी विचारतो, इथून सुरुवात चालेल का? मग दुसऱ्या चौकोनावर गेलं की विचारतो, ही जोडी चालेल का? नाही म्हटलं तर बाणाच्या जागी मनाईची खूण दिसते आणि रेघ रुजतच नाही. एकाच हत्याराने टोकं बघून वेगवेगळी नातीही जोडता येतात: माणूस ते कुटुंब ओढलं तर लग्न, कुटुंब ते माणूस ओढलं तर जन्म. काकांना मुलापासून वर जायची सवय. त्यासाठी हत्याराची दिशा उलटवायचा एक गुण आहे. तो लावला की ओढायचं खालून वर आणि नातं जुळतं वरून खाली.

इथे कडक किती राहायचं हा तारतम्याचा भाग आहे. स्वतःच स्वतःचा पूर्वज होऊ नये हे बंधन मी रेघ ओढतानाच घातलं, कारण तसं कधी घडूच शकत नाही. पण ‘बाप मुलाच्या आधी जन्मलेला असावा’ हे ओढताना अडवलं तर काका अडकतात. सालं त्यांना मागाहून आठवतात. म्हणून ती तपासणी फाइल जतन करतानाची, नुसत्या इशाऱ्यापुरती. चुकीच्या अवस्थेतून गेल्याशिवाय कुठलंही चित्र पुरं होत नाही, हे साधनं बनवणारे पुष्कळदा विसरतात.

आता रूप. रेघ सलग, तुटक, ठिपक्यांची की डॅश-ठिपक्यांची. टोकाला काही नाही, पोकळ बाण, भरीव बाण की शंकरपाळीचा आकार. इथे हौस आवरायला हवी. ही चिन्हं कोरी नसतात. १९९७ मध्ये प्रमाण ठरलेल्या यूएमएल या चित्रभाषेत भरीव शंकरपाळी म्हणजे ‘हा भाग त्या पूर्ण वस्तूचाच’ आणि पोकळ त्रिकोण म्हणजे ‘हा त्याचा उपप्रकार’. गंमत अशी की तिथला बाण लेकराकडून बापाकडे जातो, वंशावळीच्या बरोबर उलटा. माझा चुलतभाऊ सॉफ्टवेअरमधलाच. पहिला मसुदा बघून त्याने निष्कर्ष काढला की आमचे पणजोबा माझ्या मुलीपासून उत्पन्न झाले.

डॅनियल मूडी यांनी २००९ मध्ये अशा चित्रभाषांच्या दृश्यरूपावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांचा आधार फ्रेंच नकाशाकार जाक बर्तँ यांच्या १९६७ च्या मांडणीचा: जागा, आकार, आकारमान, रंग, गडदपणा, दिशा, पोत ही डोळ्याला कळणारी साधनं. मूडी म्हणतात, दोन चिन्हांत फरक एकाच साधनाने दाखवू नका. मी जन्माची रेघ हिरवी आणि दत्तकाची लाल केली होती. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रत काढली तेव्हा दोन्ही सारख्याच राखाडी आल्या आणि मूडी पटले. आता दत्तकाची रेघ तुटक आहे, आणि तिच्या मुलाकडच्या टोकाशी सालही आहे. रेघेवरच्या अशा मजकुराला डेकोरेटर म्हणतात. त्याच्या जागा सहा: उगमाशी, मध्यावर किंवा शेवटाशी, आणि प्रत्येक ठिकाणी रेघेच्या वर किंवा खाली. नुसता डेकोरेटर ठेवून भागत नाही, त्यात कोणता गुण दाखवायचा तेही मॅपमध्ये सांगावं लागतं. ते विसरलं की रेघेवर साल येत नाही आणि माणूस तासभर डोकं खाजवतो. खाजवलं आहे.

रेघ जाते कुठून, हा भाग मी सोपा समजलो होतो. पर्याय दोनच दिसतात: सरळ, किंवा काटकोनात वळणारी. वंशावळीला काटकोनच शोभतो. पण पन्नास माणसं झाली आणि रेघा एकमेकींना छेदायला लागल्या. हेलन पर्चेस यांनी १९९७ मध्ये लोकांना वेगवेगळ्या मांडणीची चित्रं वाचायला देऊन तपासलं होतं. वळणं आणि सममितीचा अभाव यांच्यापेक्षा छेद सगळ्यात जास्त नडतात, असं त्यांना आढळलं. छेद कमीत कमी करायचे म्हटलं तर गणित अडवतं. हंगेरीचे गणिती पाल तुरान १९४४ मध्ये बुडापेस्टजवळच्या वीटभट्टीवर वेठबिगारीला जुंपलेले होते. प्रत्येक भट्टीपासून प्रत्येक साठवणीच्या जागेपर्यंत रूळ होते. विटांच्या गाड्या ढकलणं फारसं अवघड नव्हतं, पण जिथे रूळ रुळांना छेदत तिथे गाड्या घसरत आणि विटा सांडत. छेद कमीत कमी किती ठेवता येतील, हा प्रश्न त्यांना तिथे पडला. त्याचं सर्वसाधारण उत्तर आजही सिद्ध झालेलं नाही. आणि कुठल्याही जाळ्यातले छेद किमान करणं हा संगणकाला दमवणाऱ्या कुप्रसिद्ध प्रश्नांपैकी एक आहे, हे गॅरी आणि जॉन्सन यांनी १९८३ मध्ये दाखवलं.

व्यवहारात तडजोड करतात. जपानचे कोझो सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दिलेली रीत अशी: आधी सगळ्यांना थरांमध्ये बसवा, मग प्रत्येक थरातला क्रम बदलत छेद कमी करत जा. थर म्हणजे पिढ्याच. रीत जणू वंशावळीसाठीच काढलेली. मी ती लावली, छेद निम्म्याहून कमी झाले, आणि काका भडकले. थोरल्या आजोबांना त्यांच्या धाकट्या भावाच्या उजवीकडे नेऊन बसवलं होतं! वंशावळीत भावंडांचा क्रम म्हणजे वय. तो हलवता येत नाही, आणि सुगियामांची सगळी मदार तर हलवण्यावरच.

शिवाय ‘वंशवृक्ष’ हा शब्दच फसवा आहे. झाडाच्या फांद्या फुटतात, पुन्हा जुळत नाहीत. आमच्याकडे दोन पिढ्यांत मामाच्या मुलीशी लग्नं झाली आहेत, महाराष्ट्रात ते नवल नाही. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतभरच्या नात्यांच्या अशा रीती प्रांताप्रांताने मांडल्या आहेत. अशा लग्नाने वर फुटलेल्या दोन फांद्या खाली पुन्हा एक होतात आणि रेघांना एकमेकींवरून उडी मारण्यावाचून गत्यंतर उरत नाही. शेवटी मी आपोआप मांडणी बंद केली आणि रेघा हाताने सरकवल्या. छेद अकरा उरले, थोरले आजोबा डावीकडे राहिले.

हाताने सरकवलेल्या त्या रेघा राहतात कुठे, हे मात्र मला उशिरा कळलं. हे साधन दोन फाइली ठेवतं. एकीत मॉडेल: माणसं, कुटुंबं, नाती. दुसरीत निव्वळ चित्र: कोणता चौकोन कुठे, रेघेचं कोणतं वळण कितव्या इंचावर. मी बॅकअपमध्ये पहिलीच फाइल टाकत होतो. मशीन बदललं आणि नव्या मशीनवर उघडलं तर नाती सगळी शाबूत, चित्राची फाइल साधनाने गुपचूप नवी तयार केलेली, आणि दोन रविवारांचं सरकवणं गेलेलं. काका म्हणाले, “दप्तर आहे ना? मग नकाशा परत काढता येतो.” मोजणीवाल्याचं बोलणं, पण सरकवायला काका आले नाहीत.

गणपतीत त्यांना ए-थ्री कागदांवर छापून दिलं. बराच वेळ बोट फिरवत होते. सहाव्या पिढीवर बोट थांबलं. “या दोघांमधली रेघ सलग का?”

“बाप-लेक आहेत ना?”

“तसं आपण म्हणतो. त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वहीत खालची नावं आहेत, सह्यांसकट. हा वरचा पुरुष फक्त आजीच्या सांगण्यात. माझ्या गुंडाळीवर ती पेन्सिलीने आहे, बघितली नाहीस?”

नव्हती बघितली. शाई, पेन्सिल, लाल बॉलपेन हे मी हाताला येईल ते पेन समजलो होतो. आता जन्माच्या नात्याला ‘आधार’ नावाचा एक गुण जोडला आहे: वही, कागदपत्र, ऐकीव. ऐकीव असेल तर रेघ ठिपक्यांची व्हायला हवी. सिरियसमध्ये ही अट दोन ओळींत लागली असती. इथे रेघेचा पोत गुणाच्या किमतीप्रमाणे बदलायचा तर कोड लिहावा लागतो, आणि तो अर्धा झाला आहे. लाल बॉलपेनचा अर्थ काय, ते काकांनी अजून सांगितलेलं नाही.